अर्धा प्लॉट कातळ, अर्धा भर: पाया किती खोल खणायचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. देवगड तालुक्यात सड्याच्या (कातळी पठाराच्या) कडेला 6 गुंठे जागा आहे. 30 बाय 25 फुटांचं घर, वर एक मजला, आरसीसीचे 12 कॉलम आणि चिऱ्याच्या (तासलेल्या जांभ्या दगडाच्या) भिंती. प्लॉटला 40 फुटांत साधारण 5 फूट उतार आहे. वरच्या अंगाला कातळ उघडा दिसतो, खालच्या अंगाला जुन्या खाचराचा (भातशेताचा) गडगा, म्हणजे नुसत्या दगडांचा बांध, आणि त्याच्या आत लाल माती. ठेकेदार म्हणतो सरसकट 3 फूट खणू. शेजारी म्हणतात कातळावर खणायची गरजच नाही. घरातले वडीलधारे म्हणतात मे महिन्यात खड्डे मारून ठेवा, एक पावसाळा जाऊ दे, जमीन बसेल. यातलं कोणाचं ऐकायचं?

तिघंही अनुभवातूनच बोलतायत, पण प्रत्येकाचा अनुभव वेगळ्या जमिनीवरचा आहे. तुमची अडचण मुळात खोलीची नाही. एकाच घराचे काही कॉलम कातळावर आणि काही भरावावर उभे राहणार, ही खरी अडचण आहे. कातळावरचं फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद पाया) जागचं हलत नाही. भरावावरचं पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत बसत जातं. अख्खं घर सारखं अर्धा इंच खाली गेलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अर्धं गेलं आणि अर्धं राहिलं की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, दार चौकटीत घासायला लागतं. चिऱ्याच्या भिंतीला अशी ओढ अजिबात सोसत नाही. भेग सांध्यासांध्यांतून पायऱ्यांसारखी वर चढते आणि गिलावा करून झाकली तरी पुढच्या पावसाळ्यात तिथेच उघडते.

म्हणून सगळी फुटिंगं एकाच जातीच्या थरावर टेकवायची आणि त्यासाठी खोली कॉलमागणिक वेगळी आली तर येऊ द्यायची. वरच्या ओळीला कदाचित फूटभर पुरेल, खालच्या ओळीला सहा-सात फूट जावं लागेल. सरसकट 3 फूट खणलं तर तुमच्याकडे नेमकं उलटं होईल. वर विनाकारण कातळ फोडत बसाल आणि खाली खड्डा भरावातच संपेल, कारण खाचराच्या गडग्यामागची भर बहुतेक वेळा तीन-चार फुटांहून जास्तच असते.

आकडा मात्र आज कुणीच सांगू नये, मीसुद्धा नाही. तो दोन गोष्टींवर ठरतो: जमिनीत काय आहे आणि कॉलमवर भार किती आहे. भार तुमचा स्ट्रक्चरल इंजिनिअर काढेल. जमीन उघडून दाखवायची जबाबदारी तुमची. त्यासाठी घराचा नकाशा पक्का करण्याआधी तीन चाचणी खड्डे घ्या: एक वरच्या कोपऱ्यात, एक मध्यावर, एक गडग्याजवळ. खोली 6 ते 7 फूट, किंवा त्याआधी जेसीबीचा दात सरकायचा थांबेपर्यंत. अर्ध्या दिवसाचं काम आहे. हे खड्डे फुटिंगच्या जागेवर घेऊ नका, शेजारी घ्या, कारण एकदा उकरून परत भरलेली जागा पहिल्यासारखी घट्ट होत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला घेतले तर आणखी एक फायदा होतो. पाऊस नुकताच गेलेला असतो, त्यामुळे पाझर कुठून येतो ते खड्ड्याच्या भिंतीवर ओल्या पट्ट्यासारखं स्पष्ट दिसतं.

खड्डा झाला की घाई न करता त्याच्या भिंतीकडे बघा. भरीची माती ओळखायला सोपी असते: रंग मिसळलेला, मध्येच कौलाचा तुकडा, करवंटी, कोळसा, कुजलेली मुळं, दगडांमध्ये पोकळ्या. तिच्याखाली जुन्या शेताचा काळपट पट्टा लागतो. तिथवर काहीही बांधायचं नाही. त्याखाली तांबडी माती आणि जांभ्याचे गोटे, आणि मग सलग जांभा. जांभा म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो, पण इथेच जपायला हवं. सड्यावर वरचा थर कडक, खाली जावं तसा जांभा मऊ, आणि त्याच्याही खाली अनेक ठिकाणी पांढरट, पिवळी, गुलाबी अशी चिकण माती असते. बोटांत चोळली तर साबणासारखी लागते. कोरडी असताना घट्ट वाटते, पाणी लागलं की लोणी होते.

ओळखायची साधी रीत सांगतो. संशय येईल त्या थराचं लिंबाएवढं ढेकूळ घ्या आणि पाण्याच्या बादलीत सोडा. जांभ्याचं ढेकूळ तासाभरानंतरही आकार धरून राहतं, थोडं गढूळ पाणी सोडेल एवढंच. चिकण मातीचं काही मिनिटांत पापुद्रे सुटून तळाशी चिखल होतो. ज्याचा असा चिखल झाला त्या थरावर फुटिंग टेकवायचं की नाही, हे इंजिनिअरने मातीचा अहवाल मागवून ठरवायचं, ठेकेदाराने नव्हे.

आता कातळाबद्दल. शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चांगल्या कातळात 3 फूट जायची गरज नसते, पण कातळावर नुसतं पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) ओतून कॉलम उभा करणंही बरोबर नाही. वरचा पिचलेला, शेवाळलेला पापुद्रा काढा, निदान 6 ते 12 इंच आत जा, तळ सपाट करा. उतरता तळ तसाच ठेवला तर फुटिंगला खाली घसरायची ओढ राहते. उतार असेल तर पायऱ्या तोडा. मग पोकळी तपासा. कातळाखालून पाणी वाहून भुयारासारख्या पोकळ्या झालेल्या असतात आणि वरून पत्ता लागत नाही. पहार आपटा: ठणठणीत आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर थांबा. प्रत्येक फुटिंगच्या मध्यभागी ड्रिलने एक भोक घ्या, फुटिंगच्या रुंदीइतकं तरी खोल, म्हणजे 5 फुटांचं फुटिंग असेल तर 5 फूट. ड्रिल मध्येच सटकन खाली गेलं तर तिथे पोकळी किंवा मऊ थर आहे. जागेवर मिळालेली ही माहिती लाखमोलाची, कारण स्लॅब पडल्यावर त्या पोकळीचं काही करता येत नाही.

खालच्या अंगाचा चाचणी खड्डा आणखी खोल नेऊन 9-10 फुटांपर्यंतही पक्का थर लागला नाही तर खणत राहण्याचा हट्ट करू नका. सगळ्यात स्वस्त उपाय बहुतेकांना सुचत नाही: घरच चार-पाच फूट वर, कातळाकडे सरकवा. सामासिक अंतराचे (हद्दीपासून सोडायच्या जागेचे) नियम बसत असतील तर नकाशावर एक रेघ हलवायचा खर्च आहे. ते शक्य नसेल तर मग खालच्या ओळीला वेगळं डिझाइन करावं लागतं. वाळूच्या किंवा खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) जागेतल्या वाचकांनी मात्र यातलं काहीही स्वतःला लावून घेऊ नये. तिथे पाणी दोन-तीन फुटांवर असतं, ओली वाळू खड्ड्यात परत वाहून येते, आणि मातीच्या अहवालाशिवाय कुदळ मारायची नाही.

उतारावर शेजारच्या दोन फुटिंगच्या तळांतही फार फरक नको. मातीत हिशोब असा: दोन फुटिंगमधलं मोकळं अंतर जितकं, त्याच्या निम्म्याहून जास्त उंचीचा फरक ठेवायचा नाही. तुमच्या 25 फुटांच्या दिशेला तीन ओळी आहेत, म्हणजे ओळींत साडेबारा फूट. 5 फुटांची फुटिंगं धरली तर मोकळं अंतर साडेसात, आणि तळातला फरक पावणेचार फुटांपर्यंत. वरचं फुटिंग अखंड कातळात असेल तर इंजिनिअर यात सूट देऊ शकतो; मातीत असेल तर देऊ नये, कारण वरच्याचा भार खालच्याच्या खड्ड्यात ढकलला जातो. तसंच सगळ्यात खालच्या फुटिंगची कड उताराच्या उघड्या पृष्ठभागापासून आडव्या अंतरात निदान 3 फूट आत हवी.

आखणीला एक पूर्ण दिवस द्या. जेसीबी दारात उभा करून आखणी करू नका. 3-4-5 चा गुण्या छोट्या मापात चुकतो, म्हणून 9-12-15 फुटांनी कोन काढा आणि शेवटी कर्ण मोजा. 30 बाय 25 ला दोन्ही कर्ण 39 फूट आणि वर अर्धा इंच यायला हवेत. फरक पाव इंचाच्या आत असेल तर चालेल. सेंटरलाइनच्या खुंट्या खड्ड्याच्या जवळ ठोकल्या तर पहिल्याच फेरीत जेसीबीच्या चाकाखाली जातात. घराच्या बाहेर 5-6 फुटांवर चिऱ्याच्या छोट्या बुर्ज्या बांधा, वर सिमेंटात खिळा बसवा आणि सूत त्यावरून ओढा. एका बुर्जीवर जोत्याची पातळी लाल रंगाने मारून ठेवा. सगळ्या खड्ड्यांची खोली नळीच्या लेव्हलने त्या खुणेपासूनच मोजायची. उतारावर 'जमिनीपासून 4 फूट' या मापाला काहीच अर्थ नसतो, कारण तुमच्याकडे 25 फुटांत जमीनच 3 फूट उतरते.

खड्ड्याचा आकार: फुटिंग 5 बाय 5, त्याखाली पीसीसी 6 बाय 6 आणि शटरिंग लावायला, माणसाला बसून काम करायला जागा, म्हणजे खड्डा 7 बाय 7. सरासरी 5 फूट खोली धरली तर एका खड्ड्याचे 245 घनफूट, 12 खड्ड्यांचे 2,940, म्हणजे जवळपास 29 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). उकरलेली माती फुगते, पाव भाग तरी वाढते. तेव्हा 36-37 ब्रास मातीचा ढीग ठेवायला जागा कुठे आहे, ते आधी ठरवा.

खालच्या ओळीचे चार कॉलम 30 फुटांत आहेत, म्हणजे दर 10 फुटांवर एक. 7 फुटांचे खड्डे काढले तर मध्ये फक्त 3 फुटांची माती उरते. सहा-सात फूट खोल गेल्यावर ही भरीची भिंत उभी राहत नाही आणि ढासळते ती नेमकी माणूस खाली असताना. तिथे चार वेगळे खड्डे न काढता एक सलग चर काढा. माती थोडी जास्त निघेल, पण काम सुरक्षित आणि भराभर होतं.

जेसीबी की मजूर, याचं उत्तर दोन्ही. वरची माती जेसीबीने काढा; कातळ असेल तिथे ब्रेकर लावा, सुरुंग नको. जेसीबी सगळ्यात मागच्या खड्ड्यापासून सुरू करून रस्त्याकडे मागे सरकत यायला हवा, नाहीतर तो आपल्याच खड्ड्यांच्या मध्ये अडकतो. मात्र तळाचे शेवटचे 6 इंच त्याला खणू देऊ नका. बकेटचे दात ठरल्या पातळीच्या खाली जाऊन चांगली जमीन सैल करतात आणि ऑपरेटर ती सैल माती बकेटच्या पाठीने थापून 'लेव्हल' करून देतो. दिसायला सुरेख, पण तो आता भरावच झाला. शेवटचे 6 इंच टिकाव-फावड्याने, पीसीसी ज्या दिवशी टाकायचं त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी काढा.

चुकून जास्त खणलं गेलं तर माती टाकून पातळी आणायची नाही. तो भाग कमी सिमेंटच्या काँक्रीटनेच भरायचा. 7 बाय 7 च्या खड्ड्यात एक फूट जास्त गेला की 49 घनफूट काँक्रीट वाढतं. बाराही खड्ड्यांत तसं झालं तर 588 घनफूट, म्हणजे 1:3:6 च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालाला सिमेंटची सत्तरेक पोती जमिनीत गाडली. म्हणून ऑपरेटरजवळ नळी आणि टेप घेऊन एक माणूस दिवसभर उभा राहायलाच हवा.

खड्डा 5 फुटांहून खोल झाला की मातीच्या भिंती सरळ उभ्या ठेवायच्या नाहीत. उतार द्या, पायरी काढा किंवा फळ्या-बल्ल्यांचा आधार द्या. चिरेखाणीच्या भिंती सरळसोट उभ्या दिसतात म्हणून आपल्याकडे लोकांना भलताच विश्वास वाटतो, पण त्या सलग जांभ्याच्या असतात. तुमच्या खालच्या अंगाला भर आहे. काढलेली माती काठापासून 5 फूट लांब टाका, डंपर आणि जेसीबीही तेवढेच लांब ठेवा, खोल खड्ड्यात कायम शिडी असू द्या, आणि एकटा माणूस खाली उतरवू नका. शेजाऱ्याचा गडगा जर खड्ड्याच्या खोलीपेक्षा जवळ असेल तर त्या बाजूला सलग चर न काढता एकाआड एक खड्डे घ्या: खणा, फुटिंग भरा, माती परत दाबा, मग पुढचा. गडग्याला सिमेंट नसतं, खालची माती सुटली की तो विचारत नाही.

आता वडीलधाऱ्यांचं म्हणणं. 'एक पावसाळा जाऊ दे' ही रीत चांगली आहे, फक्त ती जोत्यातल्या भरावासाठी आहे, उघड्या खड्ड्यांसाठी नाही. कोकणात चार महिन्यांत 3 मीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात उघडा खड्डा म्हणजे तळं. तळाची माती मऊ होते, भिंती आत येतात आणि ऑक्टोबरमध्ये तोच खड्डा मोठा करून पुन्हा खणावा लागतो. मेमधल्या वळवाच्या एका सरीनेही तळाचे 3-4 इंच चिखल होतात; तो चिखल काढून टाकल्याशिवाय पीसीसी टाकायचं नाही, वर कोरडं सिमेंट भुरभुरवून भागत नाही. म्हणून त्या आठवड्यात फुटिंग भरून होतील तेवढेच खड्डे खणा.

तुमच्यासाठी क्रम असा बसतो. नोव्हेंबरमध्ये चाचणी खड्डे, डिसेंबरपर्यंत आरसीसीचं डिझाइन, जानेवारी-फेब्रुवारीत खोदाई आणि फुटिंग, मार्च-एप्रिलमध्ये जोतं आणि प्लिंथ बीम. मेच्या मध्यापर्यंत जोत्यात भराव. भराव मुरमाचा, 6 ते 9 इंचांच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसाने ठोकलेला. मग खुशाल पावसाळा जाऊ द्या, जे बसायचं ते बसेल आणि फरशीखाली पोकळी राहणार नाही. तेवढ्या काळात वर निघालेल्या कॉलमच्या सळ्या खाऱ्या हवेत गंजतात. त्यांना सिमेंटची दाट घोळणी दोन हात लावून प्लास्टिकने गुंडाळा, आणि दिवाळीनंतर काम सुरू करताना तारेच्या ब्रशने घासून घ्या.

खोदाईच्या आधी वरच्या अंगाला, घरापासून निदान 5 फूट सोडून, आडवा चर मारून पाणी बाजूला काढा. हे काम सगळे शेवटी ढकलतात. उतारावरून येणारं पाणी कातळाच्या पाठीवरून वाहत येतं आणि माती सुरू होते तिथे आत शिरतं, म्हणजे तुमच्या मधल्या ओळीखाली. चर कायमचाच ठेवायचा, पुढे तीच तुमची गटार होईल. निघालेली माती खालच्या व्हाळात किंवा शेजाऱ्याच्या पाण्याच्या वाटेवर टाकू नका. वरची काळपट माती वेगळी ठेवा, कलमांना लागेल. प्लॉटबाहेर माती न्यायची असेल तर तहसील कार्यालयात गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी विचारून मगच डंपर लावा.

तळ तयार झाला की इंजिनिअरला प्रत्येक खड्डा दाखवा, बारापैकी दोन नाही. खड्ड्यात टेप उभी धरून फोटो काढा आणि कुठल्या कॉलमला कोणता थर लागला ते वहीत लिहा. मग तळाला आणि बाजूंना वाळवीचं औषध, दर चौरस मीटरला 5 लिटर द्रावण. विहीर जवळ असेल तर आधी इंजिनिअरशी बोला, कारण जांभा चाळणीसारखा असतो आणि औषध कुठवर पोचेल सांगता येत नाही. त्यावर 4 इंच पीसीसी, आणि सळई मातीपासून 2 इंच तरी आत राहील असे कव्हर ब्लॉक. समुद्राची वाळू आणि खाडीचं पाणी काँक्रीटला लावायचं नाही, क्युरिंगलासुद्धा नाही.

जेसीबी आलेलाच आहे म्हणून सेप्टिक टँकचा खड्डाही त्याच दिवशी काढून घ्यायचा मोह होतो. काढा, पण फुटिंगपासून त्याच्या खोलीइतका तरी लांब. शोषखड्डा विहिरीपासून निदान 60 फुटांवर, शेजाऱ्याची विहीर धरून, आणि उतारावर विहिरीच्या वरच्या अंगाला तर नकोच. तुमच्या नकाशात तो गडग्याजवळच्या कोपऱ्यात दाखवलाय. त्या कोपऱ्याच्या खाली कुणाची विहीर आहे, हे खणण्याआधी चालत जाऊन बघून या.